पेन्सिलीखालचा गाल

डॉक्टरांनी माझे तिन्ही फोटो टेबलावर ओळीने मांडले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे तुमचेच आहेत ना?"

"माझेच. दुसऱ्या कोणाचे कशाला आणू?"

"मग जन्मखूण कुठे आहे?"

माझी बोलती बंद झाली. असं फारसं होत नाही. घरात आणि दुकानात माझ्या तोंडाला लागायची कोणाची टाप नाही. पण त्या बाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. तीनही फोटोंत माझा डावा गाल आत्ताच धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ होता.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी काढलेला. माझा थोरला भाऊ कॅमेऱ्यामागे उभा राहतो आणि मी रिटचिंग करते, सत्तावीस वर्षं. सुरुवातीला निगेटिव्हवर पेन्सिलीने, आता कॉम्प्युटरवर. लोकांच्या पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हनुवटीखालची दुसरी हनुवटी, सगळं माझ्या हाताखालून जातं. काही जणांचा निम्मा चेहरा मीच केलेला असतो आणि ते घरी जाऊन 'फोटो अगदी हुबेहूब आलाय' म्हणून सांगतात. पण माझा एक नियम आहे. विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाचा साधा तीळसुद्धा काढायचा नाही. तीळ म्हणजे ओळख.

स्वतःला मात्र मी कधी विचारलं नाही. कानापासून जबड्यापर्यंत उतरलेली माझी तपकिरी जन्मखूण, जिच्यावरून घरात माझं नाव 'शाई' पडलं, ती मी माझ्या प्रत्येक फोटोतून काढत आले. लाज वाटायची म्हणून म्हणाल, तर तसंही नाही. शाळेत दोन पोरींना त्यावरून बडवलंय मी. हाताला लागलेली सवय, दुसरं काय. फोटो समोर आला की डाग साफ करायचा, मग गाल कोणाचा का असेना. आणि वर मूळ फाइलच्या डोक्यावर सेव्ह करून मोकळी व्हायचे. गिऱ्हाइकांच्या मूळ फाइली मी दहा-दहा वर्षं सांभाळून ठेवल्यात. माझी एकही नाही.

"या खुणेतली ही गाठ," डॉक्टर म्हणाल्या, "केव्हापासून आहे, एवढंच मला हवंय."

गाठ म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढा काळा उंचवटा, खुणेच्या खालच्या टोकाला. चार महिन्यांपूर्वी तिथे खाज सुटली, कोंडा सुटल्यासारखी कातडी निघायला लागली. आधी त्यांनी इसबाचं मलम दिलं. पंधरा दिवसांत खाज गेली, खपल्या गेल्या आणि खाली हा दाणा उघडा पडला. तो खपल्यांच्या आधीपासून होता का नंतर आला, हे मला सांगता येईना. आरशात मी बघते ती फक्त केस विंचरण्यापुरती. दिवसभर परक्यांचे गाल चारशे टक्के मोठे करून बघणाऱ्या बाईला स्वतःच्या गालावर काय आहे ते माहीत नाही, हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जन्मखूण असली तरी ती कातडीच," डॉक्टर समजावत होत्या. "तिच्यावर इसब येतं, चामखीळ येते, साध्या गाठी येतात. बहुतेक वेळा साधंच निघतं. क्वचित मात्र त्या खुणेतल्याच पेशी बिघडतात. म्हणून म्हणते, लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवू."

"तुकडा काढायचा नाही," मी म्हटलं.

दादा शेजारी बसला होता. त्याने मान खाली घातली. त्यालाही तेच आठवलं असणार. आमच्या आईच्या पोटातल्या गाठीचा असाच तुकडा काढला होता. त्याआधी ती चालत-बोलत होती. त्यानंतर दोन महिन्यांत गेली. सुई लागली आणि गाठ चवताळली, असं आमच्या घराने तेव्हाच ठरवून टाकलं आणि त्यावर पुन्हा कधी चर्चा झाली नाही.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमच्या आई गाठीने गेल्या. सुईने नाही."

"ते तुमचं म्हणणं."

"बरं." त्यांनी पेन खाली ठेवलं. चिडल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. "मग असं करू. खरा फोटो आणा. निदान पाच-दहा वर्षं जुना, हात न लावलेला. हा ठिपका त्यात असेल, तर तीन महिने थांबू, मोजत राहू. नसेल, तर मी एक दिवस थांबणार नाही आणि तुम्हीही हट्ट करायचा नाही. कबूल?"

"कबूल."

"सोमवारी या."

गुरुवार होता. शुक्रवारी सकाळपासून आम्ही घर पालथं घातलं. दादाच्या लग्नाचा अल्बम, चुलत बहिणींचे अल्बम, शाळेचे वर्गाचे फोटो. वर्गाच्या फोटोत माझं डोकं तांदळाच्या दाण्याएवढं. लग्नातले सगळे फोटो वडिलांनी काढलेले, म्हणजे साफ केलेले. माझं ओळखपत्र आमच्याच स्टुडिओतलं. भाचीच्या फोनमध्ये बघावं, तर तो फोन आमच्याहून चलाख. न सांगताच गाल गुळगुळीत करून देतो. संध्याकाळपर्यंत माझे शे-सव्वाशे फोटो जमिनीवर पसरले होते आणि सगळ्यांतून एक निर्मळ चेहऱ्याची बाई माझ्याकडे बघत होती. मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

"निगेटिव्ह," दादा एकदम म्हणाला. "बाबांच्या निगेटिव्ह."

वडिलांचं कपाट डार्करूममध्ये अजून तसंच होतं. काही हट्टी गिऱ्हाइकांना अजूनही काळे-पांढरे फोटो हातानेच छापून हवे असतात, म्हणून दादाने ती खोली चालू ठेवलीय. कपाटात पाकिटं, पाकिटांवर वडिलांच्या अक्षरातले आकडे. माझं पाकीट सापडायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. आत तळहाताएवढी एक निगेटिव्ह. मी वीस वर्षांची, मान किंचित वळवलेली, डावा गाल पुढे.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे उजळ दिसतो. तो घालवायचा तर त्या उजळ जागेवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून ती भरून काढायची. आणि याच्या उलट, एखादा पांढरा केस काळा करायचा असेल, तर तिथला थर चाकूने हलकेच खरवडायचा. पेन्सिलीने घालवायचं आणि चाकूने आणायचं. वडिलांनी आम्हा दोघांना हे शिकवलं तेव्हा मी चौदाची होते. पेन्सिल मला जमली. चाकू दादाला.

मी निगेटिव्ह तिरपी धरली. गालावर शिसाची चमक होती. बारीक, गोल गोल फिरवलेल्या हजारो रेघा. हे काम एका दुपारचं नव्हतं, दोन दिवस तरी गेले असतील. मग लक्षात आलं, पेन्सिल पुसता येते. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की शिसं निघून जातं आणि खालचा गाल जसा होता तसा राहतो.

"दादा, हे पुसलं की खालची मी निघेन."

"बाबांचं काम जाईल."

"जाऊ दे."

मी निगेटिव्ह त्याच्या हातात देऊन टाकली. "तूच पूस. तूच छाप. मी आत येणार नाही. मला नुसतं सांग." दाराशी जाऊन मी परत वळले. हे बोलायला नको होतं, पण बोलले. "आणि दादा, असू दे रे तो तिथे. काहीही कर, पण असू दे."

दार लागलं. वरचा लाल दिवा पेटला.

मी स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसले. वहिनीने चहा आणून ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता समोर बसून राहिली. एरवी त्या बाईच्या तोंडाचा पट्टा बंद होत नाही. एक फोटो छापायला दादाला पंधरा मिनिटं लागतात. पुसायला दहा धरा. अर्धा तास झाला. चहावर साय धरली. पाऊण तास झाला. लाल दिवा पेटलेलाच. आतून नळाचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. नसेलच. असता तर तो धावत बाहेर आला असता. नाहीये म्हणूनच हा आत बसलाय आणि मला कसं सांगायचं ते ठरवतोय.

दिवा विझला. दादा बाहेर आला, ओला फोटो चिमट्यात धरून.

"आहे," तो म्हणाला.

मी हिसकावूनच घेतला. वीस वर्षांची मी, गालावर शाई सांडलेली, जशीच्या तशी. आणि खालच्या टोकाला काळा ठिपका.

मी रडले, हसले, वहिनीच्या गळ्यात पडले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तीन दिवसांत पोटात धड काही गेलं नव्हतं, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच जेवले. वहिनी हसून म्हणाली, "अगं, भांडी तरी ठेव." दादा दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्याला जेवायला बोलावलं, तर म्हणाला, भूक नाही.

फोटो वाळला. डॉक्टरांना द्यायच्या पाकिटात घालायला मी तो घेतला आणि घालण्याआधी भिंग लावलं. शंका होती म्हणून नव्हे. आमच्या दुकानातून भिंगाखालून गेल्याशिवाय फोटो बाहेर जात नाही, एवढंच.

गालावरची खूण भिंगाखाली फार सुंदर दिसत होती. कडा विरलेल्या, आत दाणेदार, कुठे गडद, कुठे फिकी. आणि ठिपका गुळगुळीत काळा होता. त्यात फिल्मचा एकही दाणा नव्हता. कडा कापल्यासारखी स्वच्छ.

मी भिंग बाजूला ठेवलं. दिव्याखाली जाऊन पुन्हा लावलं. मग डार्करूममध्ये गेले, निगेटिव्ह काढली आणि उजेडात तिरपी धरली. ठिपक्याच्या जागी थर खरवडलेला होता. चार-पाच बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने. दादा डावखुरा आहे. ते ओरखडे मी झोपेत ओळखले असते.

तो माझ्यामागे येऊन उभा राहिला होता.

"चाकू," मी म्हटलं.

तो चिमटे आवरायला लागला.

"दादा, मी तुझ्याशी बोलतेय. चाकू फिरवलास?"

"तूच म्हणालीस ना, काहीही कर." त्याचा आवाज फुटला. "दोन रात्री तू झोपली नाहीस. मला ऐकू येतं, शाई, भिंतीपलीकडे मीच झोपतो. वाटलं, दोन दिवस तरी सुखाने घास घेशील. सोमवारी डॉक्टरांना बाजूला घेऊन मी खरं सांगणारच होतो."

"आणि सोमवारी त्या आल्याच नसत्या तर?"

"मग मंगळवारी."

"आणि खरं सांगितलं की त्या लगेच तुकडा काढणार, हे तुला ठाऊक होतं. आईची आठवण काढून तू गप्प बसला असतास. बोल ना. बसला असतास की नाही?"

तो भिंतीला टेकला, आणि तेवढं मला पुरलं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गिऱ्हाइकांना फसवतोस तेवढं पुरत नाही का, इथपासून ते मी मेले तर माझ्या फोटोत मला जिवंत कोरून ठेव, इथपर्यंत. वहिनी मध्ये पडायला आली आणि तिलाही ऐकावं लागलं. दादा भिंतीला टेकून सगळं ऐकत होता. शेवटी मी दमले आणि स्टुलावर बसले. आणि तेव्हा मला जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. मी निगेटिव्ह पुन्हा उचलली.

"खराब करून टाकली मी," तो म्हणाला. "आता काहीच कळणार नाही."

"सगळं कळतंय," मी म्हटलं. "असलेली गोष्ट कोरावी लागत नाही."

नव्हता तो ठिपका. वीस वर्षांची असताना तिथे काहीच नव्हतं. माझ्या भावाच्या चाकूने ते जितकं स्पष्ट सांगितलं होतं, तितकं कोऱ्या निगेटिव्हनेही सांगितलं नसतं. भांडण करत होते तोवर निदान भीती बाजूला होती.

रविवारभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सोमवारी तो न सांगता माझ्या आधी तयार होऊन दारात उभा होता. मीही ये म्हटलं नाही आणि येऊ नकोसही म्हटलं नाही.

डॉक्टरांनी फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "अरे वा. आहे की."

तो एक क्षण मी कधी विसरणार नाही. गप्प बसायचं, इतकंच करायचं होतं. तीन महिने मिळत होते. सुई नाही, तुकडा नाही. आई डोळ्यांसमोर होती. दादाचा श्वास मला शेजारी ऐकू येत होता, आणि तोंड उघडलं मीच.

"तो ठिपका नव्हता," मी म्हटलं. "हा माझ्या भावाने कोरलाय. ही निगेटिव्ह. इथे बघा, ओरखडे आहेत."

डॉक्टरांनी निगेटिव्ह खिडकीकडे धरली. मग दादाकडे बघितलं. दादा भिंतीवरचं नायट्याच्या औषधाचं पोस्टर मन लावून वाचत होता.

"मागाहून आलाय तर," डॉक्टर म्हणाल्या. "कबुली आठवते ना?"

"आठवते. आत्ताच काढा. उद्या येईन की नाही, माझाच मला भरवसा नाही."

त्यांनी खरंच त्याच दुपारी तुकडा काढला. सुई टोचली तेव्हा मी आईचं नाव घेतलं, आणि मग डोळे गच्च मिटून छताला शिव्या दिल्या. दहा मिनिटांचं काम. दोन टाके. गाल बधिर झालेला, तरी बाहेर आल्यावर दादाकडे बघून तोंड वाकडं करण्याएवढा हलत होता.

रिपोर्ट आठ दिवसांनी आला. ते आठ दिवस मी कोणत्याही चेहऱ्यावरची पुटकुळी धड काढली नाही. एका नवऱ्या मुलाचा एक कानच पुसून टाकला, आणि तो परत लावताना मला घाम फुटला.

डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा दादा गाडी लावायला गेला होता. मी एकटीच आत गेले.

"बसा," त्या म्हणाल्या, आणि त्या एका शब्दातच मला कळलं. "पेशी बिघडलेल्या आहेत. चांगल्या नाहीत. पण अजून वरच्याच थरात आहेत. आजूबाजूची थोडी कातडी घेऊन आपण सगळं काढू. गालावर व्रण राहील, ओठाचा कोपरा काही महिने जरा खाली झुकेल. पण तुम्ही वेळेत आलात."

मी खुर्चीचा हात धरून ठेवला. खोली जागेवर यायला वेळ लागला. मग विचारलं, "तीन महिने थांबलो असतो तर?"

त्यांना तो प्रश्न आवडला नाही. पण खोटं बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "ही फार वेगाने वाढणारी गाठ आहे. तीन महिन्यांत ती आत उतरली असती. मग माझ्या हातात फारसं काही राहिलं नसतं."

मी बाहेर आले. दादा बाकावर बसला होता, गाडीची किल्ली मुठीत आवळून. आठ दिवसांत त्याने दाढी केली नव्हती. डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं, की गिऱ्हाईक असता तर मला अर्धा तास लागला असता. मी त्याला सगळं सांगितलं. गाठ वाईट आहे, पण वेळेत सापडली, निघेल. तो नुसती मान हलवत राहिला. मग खालीच बघत म्हणाला, "तो फोटो खरा मानून आपण थांबलो असतो तर? विचारलंस का त्यांना?"

"विचारलं."

"काय म्हणाल्या?"

रागाने मी आजही धुमसते. त्या क्षणी तर खरं सांगून त्याच्या जिव्हारी लागावं असं मला मनापासून वाटलं होतं. शब्द जिभेवर होते. पण त्याने मान वर केली आणि मला त्याचा चेहरा दिसला.

"काही फरक पडला नसता म्हणाल्या," मी म्हटलं. "आज काय आणि तीन महिन्यांनी काय, सारखंच."

"खरंच?"

"मी काय तुझ्यासारखी खोटारडी आहे का?"

तो रडता रडता हसला. मी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली, आणि आम्ही ऑपरेशनची तारीख घ्यायला खिडकीकडे गेलो.